राहीबाईंचं पुढचं पुस्तक

"राहीबाईंनी मला फसवलं," असं म्हणत रंगनाथनं पुस्तक उघडून प्रज्ञाबाईंपुढं ठेवलं. "हे अकरावं पान बघा, आन हे बारावं."

अकराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळपट ठसा होता. उसाचा चिकट रस आणि त्यावर बसलेली चुलीची राख. दहाव्या पानावर तसाच ठसा, नवव्यावर तसाच. बाराव्या पानापासून पुस्तक कोरं करकरीत होतं. पुढची दोनशे पानं छापखान्यातून निघाल्यापासून कुणी उलटलीच नसावीत.

प्रज्ञाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मधल्या सुट्टीत डबा घाईघाईनं संपवून त्या तिसगावच्या वाचनालयात येत, पुस्तक बदलत आणि घंटा व्हायच्या आत परत जात. त्यांनी दोन्ही पानं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"म्हणजे सहा महिन्यांत अकरा पानं?"

"अकरा. आन परत देताना काय म्हनल्या? 'ब्येस हुतं भाऊ.' मी आपला खूश. वहीत लिहून ठेवलं, राहीबाईंना आवडलं म्हनून."

रंगनाथ खरंच दुखावला होता. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होता तो. पाथर्डीहून नगर, नगरहून पाथर्डी, मध्ये करंजीचा घाट. कोणता माणूस कुठं उतरणार हे त्याला माणूस पायरीवर चढतानाच कळायचं, आणि अर्ध्या वाटेचं तिकीट काढून पुढं जाऊ पाहणारा तर लांबूनच ओळखू यायचा. निवृत्त झाल्यावर तो आठ दिवस घरी बसला. नवव्या दिवशी त्याची बायको बायडाबाई म्हणाली, "तुमी दिवसा कुठंतरी जात जा. माझ्या डब्यांना नंबर टाकायला लागलात." गावच्या वाचनालयाला माणूस हवाच होता. रंगनाथनं नगरला जाऊन ग्रंथपालनाचा छोटा अभ्यासक्रम केला आणि बाजारतळामागच्या त्या एका खोलीत येऊन बसला.

तिथं त्याला एक जुनंच दुखणं भेटलं. कादंबऱ्या नेणारा प्रत्येक माणूस पुस्तक परत देताना म्हणायचा, "आता ह्याच्यासारखंच एखादं द्या." ह्याच्यासारखं म्हणजे कशासारखं, ते मात्र कुणालाच सांगता येत नसे. रंगनाथनं स्वतः सगळी पुस्तकं वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी कुणाला काय रुचेल हे काय कपाळावर लिहिलेलं असतं? मग अभ्यासक्रमातल्या एका सरांनी फळ्यावर काढून दाखवलेली युक्ती त्याला आठवली. जाड कार्डांच्या कडेला भोकं पाडायची, हवं ते भोक कडेपर्यंत कापून खाच करायची, सगळी गड्डी उभी धरून एका भोकातून सुई घालायची आणि उचलायची. खाचेची कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईवर लटकत राहतात.

तिसगावात लग्नपत्रिकांना तोटा नाही. घरोघरच्या जाड पत्रिका जमवून रंगनाथनं त्यांची कार्डं कापली. सुई म्हणून सायकलचा स्पोक घासून घेतला. भोकं पाडायला चिमटा हवा होता. नोकरीतला तिकिटांचा चिमटा डेपोत जमा केलेला, म्हणून नगरच्या जुन्या बाजारातून हुबेहूब तसाच शोधून आणला. वाचनालयात मागणी असलेल्या कादंबऱ्या साठ. प्रत्येकीचं एक कार्ड, आणि भोकं कशाकशाची, तर गाव, शहर, प्रेम, खून, कष्ट, बाईची गोष्ट, इतिहास, शेवट गोड. तुम्हाला मागचं आवडलं त्यात कष्ट होते आणि बाई होती, तर कष्टाच्या भोकातून सुई, पडली त्यांची गड्डी करून बाईच्या भोकातून सुई, आणि पुन्हा पडलं ते तुमचं पुस्तक. गावात त्याचं नाव झालं. लोक म्हणत, रंगनाथची सुई कौल देते. बाजारच्या दिवशी तर नुसतं कार्डं पडताना बघायला माणसं दारात उभी राहत.

मागच्या दिवाळीत ह्याच सुईनं राहीबाईंना कौल दिला होता.

राहीबाई पाथर्डीकडच्या, माहेर आणि सासर दोन्ही कोरडं. ऊसतोडीला जाणारं घर, म्हणून दिवाळी झाली की टोळीबरोबर ट्रकमध्ये बसायचं आणि चैत्रात परत यायचं. साक्षरता अभियानात प्रज्ञाबाईंच्या वर्गात त्या पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षर शिकल्या. मागच्या वर्षी सोबत न्यायला एक पुस्तक मागायला आल्या, तेव्हा रंगनाथनं कष्ट, बाई आणि गाव अशी तीन भोकं घेतली. खाली पडलं 'वाढ्याचं ओझं', ऊस तोडणाऱ्या एका बाईची करुण कहाणी. रंगनाथला वाटलं, ह्याहून नेमका नेम बसायचा नाही.

चैत्रात त्या परत आल्या तेव्हा स्टँडवर बसच्या पाटीकडे बघत पुटपुटत होत्या, "पा... थ... र..." सहा महिन्यांपूर्वी ह्याच बाईनं त्याला अर्ध्या पानाची बातमी वाचून दाखवली होती. रंगनाथनं ते पाहिलं आणि वयाचा दोष म्हणून सोडून दिलं. पावसाळ्यात प्रज्ञाबाईंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लावलं. श्रावणात राहीबाईंनी कपाटातून आपल्याच हातानं एक पुस्तक उचललं, 'दिवादांडीचा जिना', समुद्रावरच्या दिव्याची राखण करणाऱ्या एकट्या बाईची गोष्ट, आणि महिन्याभरात शेवटपर्यंत नेलं. आणि आज सकाळी दारात उभं राहून म्हणाल्या, "भाऊ, गाडी बारा दिवसांनी हाय. ह्याच्यावानीच एक द्या."

ह्यातही कष्ट आणि बाई, म्हणून रंगनाथनं त्याच भोकांतून सुई घातली. खाली पडलं तेच, 'वाढ्याचं ओझं'. "हे नेलेलं हाय की," राहीबाई हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या. मग त्यानं ते पुस्तक उघडलं.

"त्यांनी फसवलं नाही, काका," प्रज्ञाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे जेवायला आलेला माणूस भाजी खारट झाली म्हणून सांगतो का? तुम्ही वाचनालयाचे. तुम्ही हातानं काढून दिलेलं पुस्तक. त्या 'बेस'च म्हणणार."

"आन दिवसभर उसात राबून आलेल्या बाईला मी रातच्याला वाचायला ऊसच दिला." रंगनाथनं कपाळाला हात लावला. "माझ्या एकतीस वर्सांवर पानी पडलं बघा. पन मंग बाकीचे पन असंच म्हनत असतील की."

त्यानं उठून कपाटातल्या कादंबऱ्या टेबलावर मांडल्या आणि एकेक उघडू लागला. प्रज्ञाबाईंची घंटा झाली, त्या गेल्या, तरी तो उघडतच राहिला. हळदीचे डाग, चहाचे गोल, तंबाखूची पूड, दुमडलेले कोपरे. कुठं सत्तराव्या पानापर्यंत, कुठं तिसाव्या. गावातले सगळे ज्याची तारीफ करायचे त्या जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत पन्नासाव्या पानानंतर खुणेला खेळातला एक पत्ता लावलेला होता, तो कुणी हलवलाही नव्हता. आणि त्याच्या वहीत अठरा जणांच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'फार आवडली'.

संध्याकाळपर्यंत रंगनाथचं दुःख कुठल्या कुठं पळालं होतं. डोळ्यांत नवाच चळ होता.

"अगं, चूक सापडली," त्यानं घरी येऊन बायडाबाईला सांगितलं. "पुस्तकात काय हाय ते इचारायचंच न्हाई. मानसाला आवडलं का, ते पन इचारायचं न्हाई. तो कुठं उतरला तेवढं बघायचं. शेवटच्या थांब्यापर्यंत गेला तोच खरा प्रवासी."

"आन हे कळलं म्हनून भाकरी खायची न्हाई का?"

"आन एकाच थांब्याला उतरनारी दोन मानसं असली, तर त्यांची वाट एक. म्हंजे एकानं पुढं जी गाडी पकडली, ती दुसऱ्याला चालनार. का चालनार, ते आपल्याला कळायचीबी गरज न्हाई."

बायडाबाईनं भाकरी ताटात टाकली. "मला चालनार. जेवा."

आता कार्ड पुस्तकाचं नव्हे, माणसाचं करायचं होतं. प्रत्येक वाचकाची एक पत्रिका, कडेनं साठ भोकं, साठ कादंबऱ्यांची. जी शेवटपर्यंत वाचली तेवढ्याच भोकाची खाच. पण खरं कोण सांगणार? पुढच्यासाठी रंगनाथनं सोय केली. स्टँडवर पडलेली जुनी तिकिटं गोळा करून त्यानं प्रत्येक कादंबरीत शेवटून चौथ्या पानाशी एकेक ठेवलं. तिकीट जागचं हललं नाही तर प्रवासी आधीच उतरला. त्याला खाली वाकून तिकिटं वेचताना बघून डेपोतले लोक हसले, पण त्याला ऐकायला वेळ नव्हता. गाडी बारा दिवसांनी होती, आणि तिकिटांचा निकाल लागायला वर्ष गेलं असतं. म्हणून त्यानं दुसरा मार्ग धरला. वही बगलेत मारली आणि तपासणी पथक निघालं.

तो फक्त एकच प्रश्न विचारायचा, "शेवटी काय हुतं हो त्याच्यात?"

बघण्यासारखी गंमत होती. ज्यांनी पुस्तक संपवलं होतं ते प्रश्न पुरा व्हायच्या आत सुरू व्हायचे. बाकीचे आढ्याकडे बघायचे, नातवाला हाक मारायचे, चहा टाका म्हणायचे. गावातले एक वजनदार गृहस्थ, दर आठवड्याला एक कादंबरी नेणारे, म्हणाले, "शेवटी काय होणार, चांगल्याचा विजय." रंगनाथनं मान डोलावली आणि वहीत गोल शून्य काढलं. बनुबाई नावाच्या नव्वदीला टेकलेल्या म्हातारीनं मात्र आठ पुस्तकांचे शेवट असे सांगितले की तो दोन तास ओट्यावरून उठला नाही. नववं पुस्तक सांगता सांगता ती रडली. तिच्या नावावर तर पुस्तकच नव्हतं. सून नेत होती आणि सासू वाचत होती. रंगनाथनं तिथंच तिच्या नावाची नवी पत्रिका सुरू केली. असल्या किती चुका आपल्या वहीत असतील, ह्या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्या एकेक करून पकडायच्या आहेत ह्या विचारानं तो आणखी झपाझप चालू लागला.

नवव्या दिवशी तो पुंजारामच्या पिठाच्या गिरणीत गेला. पुंजाराम म्हणजे गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. डबा ठेवला की "बारीक का जाड?" एवढंच विचारायचा आणि पट्टा चालू करायचा. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, कानावर पेन्सिल, आणि दराच्या पाटीमागे कायम एक पुस्तक.

"ते 'दिवादांडीचा जिना'," रंगनाथ गिरणीच्या आवाजात ओरडला, "शेवटी काय हुतं?"

पुंजारामनं त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यानं गिरणी बंद केली. बायका डबे घेऊन उभ्या होत्या, त्या चकित झाल्या. गिऱ्हाईक असताना पुंजारामनं गिरणी बंद केलेली कुणी पाहिली नव्हती.

"नवी मानसं येतात सरकारची," तो म्हणाला. "दिव्याला इजेची मोटर बसवतात. तिला म्हनतात, आता तुझं काम न्हाई. ती व्हय म्हनती. किल्ली देती. आन खाली उतरताना पायऱ्या मोजती. एकशे चौदा. रोज मोजलेल्या असतात तिनं, तरी मोजती." त्यानं भुवईवरचं पीठ पुसलं. "मला वाटलं हुतं, रडंल. न्हाई रडली."

मग त्यानं गिरणी पुन्हा चालू केली आणि पुढच्या बाईला विचारलं, "बारीक का जाड?"

रंगनाथ तिथून निघाला तो जवळजवळ पळतच.

दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं एकोणसत्तर पत्रिकांची गड्डी टेबलावर ठोकून सरळ केली. प्रज्ञाबाई डबा हातात घेऊनच आल्या होत्या. 'दिवादांडीचा जिना' म्हणजे तेविसावं भोक. स्पोक आत गेला, गड्डी वर उचलली, हलकेच हलवली. तीन पत्रिका टेबलावर पडल्या.

एक राहीबाईंची, जेमतेम एका खाचेची. दुसरी पुंजारामची, गिरणीतूनच आणलेल्या सोनेरी गणपतीच्या पत्रिकेवर केलेली, कडा करवतीसारख्या. तिसरी बघून रंगनाथ हसला. "ह्या तुमी."

"मी?" प्रज्ञाबाईंनी ती हातात घेतली. "मी आणि गिरणीवाले काका?"

दोन्ही पत्रिका एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. दोघांच्या खाचा आणखी एकाच ठिकाणी जुळत होत्या, एक्केचाळिसाव्या. पुस्तक होतं 'घाटातली केबिन'. डोंगरातल्या एका सिग्नलच्या केबिनमध्ये एकटा राहणारा रेल्वेचा माणूस, गाड्या येतात आणि जातात, आणि त्यानं दिवा दाखवायचा.

रंगनाथचा चेहरा उतरला. "आवो, ह्यात बाई न्हाई. गाव न्हाई. राहीबाईंनी जन्मात रेल्वे बघितली न्हाई. सुई चुकली का काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, का चालणार ते कळायची गरज नाही?"

"म्हनायला काय जातंय. पुन्हा अकरा पानांवर उतरल्या तर? पुन्हा 'पा थ र' वर आल्या तर तुमी तिसऱ्यांदा शिकवनार, पन त्या शिकतील का? तिसऱ्यांदा मानूस न्हाई येत, बाई. लाज वाटती."

प्रज्ञाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते दोघांनाही ठाऊक होतं. एकच पुस्तक, सहा महिने. एका बाईचं वाचणं राहणार की जाणार, ते सायकलच्या एका स्पोकावर आलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी राहीबाई आल्या. ट्रक फाट्यावर उभा होता. वर भांडीकुंडी, कोंबड्यांची डाल, दोन शेळ्या आणि सगळी टोळी. त्या घाईत होत्या, तरी चपला दाराबाहेर काढून आत आल्या. रंगनाथच्या हातात एका बाजूला बायांच्या कष्टाचं एक नवं पुस्तक होतं, दुसऱ्या बाजूला केबिन.

"राहीबाई, एक इचारू? त्या दिवादांडीत तुमाला काय आवडलं?"

राहीबाई ओशाळल्या. "ब्येस हुतं."

"ब्येस न्हाई म्हनायचं. खरं सांगा."

त्यांनी बाहेर ट्रककडे पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. "तिला खोली हाय," त्या म्हणाल्या. "कडी आतनं लागती. आमच्या कोपीला दारच न्हाई, भाऊ, सहा महिनं चार काठ्यांवर नुसतं उसाचं पाचट. कोनबी डोकावतंय. तिच्याकडं वर कोन यायचं म्हनलं, तर येवढ्या पायऱ्या चढून यावं लागतं. मी वाचताना पयल्यांदी कडी लावायची मनातल्या मनात. मंग वाचायची."

रंगनाथनं कष्टाचं पुस्तक टेबलावर ठेवून दिलं. सुईला कडी ठाऊक नव्हती, खोली ठाऊक नव्हती. गिरणीच्या आवाजात आयुष्य काढलेला एक माणूस आणि चाळीस पोरांच्या गलक्यातून येणारी एक बाई, दोघं जिथं जाऊन बसले होते तिथंच ही तिसरी जाऊ बघत होती.

"हे न्या," त्यानं केबिन पुढं केलं. "रेल्वेचं हाय. न्हाई आवडलं तर तोंडावर सांगायचं."

"रेल्वेचं?" राहीबाईंनी पुस्तक उलटसुलट केलं. पहिल्या पानावर बोट ठेवून त्या अक्षर लावत गेल्या. "'क... केबिनला एकच दार होतं.'" त्यांनी वर पाहिलं. मग पुस्तक लुगड्याच्या घडीत खोचलं आणि चपला घालून फाट्याकडे गेल्या.

सहा महिने रंगनाथ सुई चालवत राहिला. बनुबाईच्या पत्रिकेनं दोन कॉलेजच्या पोरींना पुस्तकं सुचवली आणि त्या पोरी म्हातारीकडे शेवटांवर भांडायला जाऊ लागल्या. तिकिटं हलत होती, खाचा वाढत होत्या. माघात एके सकाळी गिरणी उघडलीच नाही. पुंजाराम झोपेतच गेला होता. उशाशी पुस्तक होतं, ते त्याच्या मुलानं आणून दिलं. तिकीट शेवटून चौथ्या पानाशी नव्हतं, अगदी शेवटच्या पानाशी होतं. रंगनाथनं त्याची शेवटची खाच पाडली. नियमानं मग पत्रिका बाद करायची होती. चारदा त्यानं ती गड्डीतून काढली आणि चारदा परत घातली.

चैत्रात, पाडवा झाल्यावर, राहीबाई दारात उभ्या राहिल्या. उन्हानं काळ्या पडल्या होत्या, डाव्या तळव्याला कोयत्याचा नवा वण होता. त्यांनी लुगड्यातून पुस्तक काढलं. कव्हर निघालेलं, पाठीला ऊस बांधायची सुतळी आवळलेली. रंगनाथनं शेवटून चौथं पान उघडलं. तिकीट नव्हतं. शेवटच्या पानावरही अंगठ्याचा ठसा होता, काळा, चिकट, ठळक.

तिकीट चाळिसाव्या पानाशी सापडलं.

"ते दुसऱ्या खेपंचं हाय," राहीबाई म्हणाल्या. "पयली खेप संक्रातीला झाली. ही आजून चालू हाय. म्हनून परत द्याया न्हाई आले. आजून ठिवू का?"

"ठिवा," रंगनाथ म्हणाला.

"पर भाऊ, तुमाला कुनी सांगितलं, हे मला द्या म्हनून? तुमच्या मनाचं न्हाई हे."

"प्रज्ञाबाईंनी. आन गिरनीवाल्या पुंजारामनं."

"गिरनीवाल्यानं?" राहीबाई चकित झाल्या. "पंधरा वर्सं दळन नेतीया मी. 'बारीक का जाड', त्याच्याफुडं एक सबूद न्हाई. त्येला काय ठावं मला काय लागतंय ते?" आणि मग, "सांगा त्येला, पोचले म्हनावं शेवटापातुर."

"माघात गेला तो, राहीबाई."

राहीबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"मंग आता फुडचं कोन सांगंल?"

रंगनाथनं पत्रिकांचा खोका उघडला, राहीबाईंची पत्रिका काढली आणि एक्केचाळिसाव्या भोकाशी चिमटा लावून दाबला. तो ओळखीचा आवाज झाला. गड्डी ठोकून सरळ केली, त्या भोकातून स्पोक घातला, वर उचलली आणि हलवली. तीन पत्रिका टेबलावर पडल्या. त्यातली एक सोनेरी गणपतीची, तिच्या कडांत अजून पीठ अडकलेलं होतं.

राहीबाईंनी पदराला बोटं पुसली आणि तीच उचलून रंगनाथपुढं धरली.

"काय म्हनतोय बघा," त्या म्हणाल्या.